गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज बघायला साधं यंत्र कुठलं घ्यायचं, पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

पुण्यात कार असलेल्या बऱ्याच घरांचं एकच गणित असतं, आठवडाभर ऑफिस, क्लास, भाजी सगळं टू-व्हीलरवर आणि कार सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी, मग शनिवार-रविवारी मुळशी नाहीतर कुणाचं तरी लग्नकार्य. अशा गाडीची बॅटरी उभ्या उभ्याच उतरते. रोज थोडी थोडी उतरते म्हणून लक्षात येत नाही आणि एक दिवस सगळे तयार होऊन गाडीत बसल्यावर स्टार्टर नुसता टक-टक करतो. हे आठवडाभर आधी कळू शकतं, त्याला व्होल्टेज दाखवणारं एक साधं यंत्र पुरतं, पण त्यात प्रकार इतके आहेत की नवीन माणूस समोर दिसेल ते उचलतो, आणि समोर बहुतेक वेळा लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा निळ्या आकड्यांचा चार्जरच असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाडी बंद असताना, तीपण काही तास उभी राहिल्यावर, बॅटरीचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवेल असं यंत्र घ्या. ॲप, रंगीत डिस्प्ले, यूएसबी पोर्ट हे सगळं त्याच्यानंतर.

पहिली पायरी, आकडे समजून घ्या

यंत्र घ्यायच्या आधी हे पाच मिनिटं वाचा, नाहीतर आकडा दिसेल पण अर्थ लागणार नाही. कारची बॅटरी आपण बारा व्होल्टची म्हणतो पण तिच्यात सहा सेल असतात आणि भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. गाडी बंद आणि बॅटरी शांत असताना अंदाज असा धरायचा:

१२.६ किंवा वर, बॅटरी भरलेली
१२.४, पाऊण
१२.२, अर्धी
१२.०, पाव
११.८-११.९, रिकामीच समजा

एजीएम प्रकारची बॅटरी असेल, स्टार्ट-स्टॉपवाल्या म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या काही महागड्या गाड्यांना असते, तर भरल्यावर १२.८ च्या आसपास दिसतं, म्हणजे हे सगळे आकडे थोडे वर सरकवायचे.

आता नीट बघा, भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत फरक जेमतेम पाऊण व्होल्टचा आहे. ०.२ व्होल्ट म्हणजे पाव बॅटरी! त्यामुळे जे यंत्र ०.२ इकडे-तिकडे दाखवतं ते तुमची अर्धी बॅटरी पाऊण म्हणून सांगतं आणि तुम्ही निवांत राहता. शिवाय १२.४ च्या खाली बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट कडक धरायला लागतं, मग नंतर कितीही चार्ज केली तरी आधीइतकी ताकद परत येत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीच्या बॅटरीची झीज आणखी वेगाने होते, आणि ते आपल्याला जाणवतं पुढे डिसेंबरच्या थंड सकाळी.

गाडी चालू असताना आकडा वेगळा असतो. तेव्हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी चार्ज करत असतो म्हणून साधारण १३.५ ते १४.७ दिसतं. सतत १५ च्या वर दिसलं तर ओव्हरचार्ज होतंय, १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर बेल्ट, अल्टरनेटर दाखवून घ्या. पण नवीन गाड्यांमध्ये, मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड वगैरे, कॉम्प्युटर स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यात आकडा मध्येच साडेबारापर्यंत खाली येतो आणि ब्रेक दाबला की वर जातो, त्याला घाबरायचं कारण नाही.

दुसरी पायरी, आपली गाडी तपासा

यंत्र निवडण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. बॅटरी कुठे आहे? बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली, पण काहींमध्ये डिकीत किंवा सीटखाली असते आणि मग बॉनेटमध्ये जंप द्यायला वेगळा टर्मिनल दिलेला असतो, मॅन्युअलमध्ये सापडेल. लायटरचा सॉकेट किल्ली काढल्यावर चालू राहतो का? मोबाईलचा चार्जर लावून बघा, कळेल. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर वायरचा प्लग असलेली छोटी काळी डबी आहे का? असेल तर तो बॅटरीत येणारी-जाणारी वीज मोजणारा सेन्सर आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल. आणि बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, ते लेबलवर बघून लिहून ठेवा, छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३५ असते.

हा शेवटचा आकडा कशाला, तर गाडी बंद असली तरी ती काही ना काही खातच असते. लॉकचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटरची मेमरी, सगळं मिळून २० ते ५० मिलीअँपिअर हे नॉर्मल आहे. ३० धरा, दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर झालं, महिन्याला साडेएकवीसच्या वर. ३५ ची बॅटरी असेल तर निम्म्याहून जास्त गेली, तेपण गाडीत काहीही बिघाड नसताना. आता यावर तुम्ही जे यंत्र कायमचं लावाल ते स्वतः किती खातं हे बघणं किती महत्त्वाचं आहे ते लक्षात येईल.

तिसरी पायरी, प्रकार आणि कुणी काय घ्यावं

सॉकेटमधला व्होल्टमीटर. तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो, लावायला काही लागत नाही, गाडी चालवताना अल्टरनेटर काम करतोय का एवढं कळायला चांगला. पण बहुतेक गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतो, म्हणजे जो आकडा आपल्याला हवाय तोच दिसत नाही. किल्ली ऑन करून बघावं तर फ्युएल पंप, डॅशबोर्ड, स्क्रीन, ब्लोअर सगळं जागं होतं आणि आकडा खाली ओढला जातो. त्यात बॅटरीपासून सॉकेटपर्यंतच्या वायरमध्ये थोडं व्होल्टेज पडतं, आणि डिस्प्लेवर बहुतेक वेळा एकच दशांश असतो. रोज गाडी चालवणाऱ्याने घेतला तर ठीक, उभ्या गाडीसाठी याच्यावर पैसे घालू नका.

ओबीडी डोंगल. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारी छोटी डबी, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायची आणि मोबाईलवर बघायचं. बाकी बरीच माहिती मिळते म्हणून लोकांना आवडतो आणि तो तिथेच राहतो. पण त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा पॉझिटिव्ह कायम असतो, गाडी बंद केली तरी, आणि स्वस्तातले डोंगल झोपत नाहीत, ते ३०-५० मिलीअँपिअर खात बसतात. म्हणजे गाडीचं उभ्या उभ्या होणारं नुकसान सरळ दुप्पट! डोंगल असेल तर काम झालं की काढून ठेवायची सवय लावा, बॅटरीवर नजर ठेवायला मुद्दाम घेऊ नका.

छोटा एलईडी पॅनल मीटर, दोन वायरवाला. स्वस्त आहे आणि हाताने काही करायची आवड असणाऱ्यांना मजा येते. हाही कायम जोडला तर १०-२० मिलीअँपिअर खातो, म्हणून मध्ये एक पुश बटण टाकायचं, दाबलं की आकडा, सोडलं की बंद. पॉझिटिव्हच्या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ एक अँपिअरचा फ्यूज हवाच हवा, ती वायर कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूजशिवाय आग लागू शकते. फ्यूज होल्डर लावता येत नसेल तर हा प्रकार सोडून द्या.

साधा डिजिटल मल्टिमीटर. नवीन माणसाने पहिली खरेदी हीच करावी असं माझं ठाम मत आहे. थेट टर्मिनलवर मोजतो, गाडीला काही जोडून ठेवावं लागत नाही, घरात सेल, चार्जर, ॲडॉप्टर तपासायलापण कामाला येतो. पिवळा छोटा मीटर दोन-तीनशेला मिळतो आणि तोही चालतो, पण सातशे ते हजारपर्यंत गेलात तर वायरी जाड, प्रोब घट्ट आणि आकडा भरवशाचा मिळतो. खोक्यावर डीसी व्होल्टची अचूकता बघा, ०.५ टक्के लिहिलं असेल तर १२.६ ला साधारण ०.०६ ते ०.०८ ची चूक धरायची, आपल्याला तेवढं चालतं. एक टक्का आणि वर गेलं की ती चूक ०.१२ च्या पुढे जाते, म्हणजे पाव बॅटरीच्या निम्म्यापेक्षा जास्त. तोटा एकच, दर वेळी खाली पार्किंगमध्ये जाऊन बॉनेट उघडावं लागतं.

ब्लूटूथ बॅटरी मॉनिटर. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, दोन वायरी थेट टर्मिनलला, आकडा मोबाईलवर. साधारण दीड ते तीन हजार. स्वतः एक-दोन मिलीअँपिअरच खातो, म्हणजे महिन्याला एक अँपिअर-अवरच्या आसपास, फारसं नाही. आणि याची खरी गंमत आलेखात आहे. आमच्या पार्किंगमध्ये एका काकांच्या गाडीची बॅटरी दर आठवड्याला उतरायची, नवीन टाकूनपण. हे मॉनिटर लावल्यावर मोबाईलवर दिसलं की रविवारी रात्री गाडी लावली की रेष तिरकी खाली खाली उतरत जाते, दिवसरात्र एकाच चालीने, आणि ११.८ ला आली की अचानक थांबते, उलट किंचित वर येते. डॅशकॅम! पार्किंग मोडमध्ये तो चालूच राहायचा आणि त्याच्या वायरिंग किटचा कट-ऑफ ११.८ ला सेट होता, म्हणजे बॅटरी रिकामी झाल्यावरच तो थांबणार. किटवरची छोटी स्विच सरकवून १२.४ ला नेली आणि प्रश्न मिटला. मल्टिमीटरने ११.८ हा आकडा दिसला असता, पण रात्रंदिवस कुणीतरी एकसारखं खातंय हे त्या तिरक्या रेषेनेच दाखवलं.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. ब्लूटूथची पोच दहा-पंधरा मीटर, बेसमेंटमधली गाडी चौथ्या मजल्यावरून दिसणार नाही, म्हणून डबी स्वतःकडे डेटा साठवते का आणि किती दिवसांचा, हे विचारूनच घ्या. दुसरं म्हणजे ॲप. २०२३ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवलं होतं की अशाच एका खूप खपणाऱ्या मॉनिटरचं ॲप मोबाईलचं लोकेशन बाहेरच्या सर्व्हरला पाठवत होतं. बॅटरीचं व्होल्टेज बघायला तुम्ही कुठे आहात हे कुणालाही कळायची गरज नाही. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी जवळच्या उपकरणांची वेगळी परवानगी असते, तेवढी द्या, लोकेशन नाकारा, आणि लोकेशनशिवाय ॲप चालतच नसेल तर दुसऱ्या कंपनीचं घ्या किंवा घरातल्या जुन्या मोबाईलवर टाका.

थोडक्यात निवड अशी करा, गाडी आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी निघते आणि बॉनेट उघडायचा कंटाळा नाही, तर मल्टिमीटर बास. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी असते, किंवा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर असं काही बाहेरून लावलंय, तर मल्टिमीटर आणि ब्लूटूथ मॉनिटर दोन्ही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीपण हे वाचून सोडून देऊ नका, त्यातही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

चौथी पायरी, खरेदी

मल्टिमीटर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत घ्या, ऑनलाईनपेक्षा मला हेच बरं वाटतं कारण दुकानात तिथल्या तिथे तपासता येतो. काउंटरवर बारा व्होल्टची एखादी बॅटरी किंवा ॲडॉप्टर असतोच, त्यांचा वापरातला चांगला मीटर आणि तुमचा नवा मीटर एकाच जागी लावून बघा, दोन्हीत ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा पीस मागा, काही वाईट वाटून घेत नाहीत. ब्लूटूथवालं दुकानांत कमी दिसतं, ऑनलाईन घेताना परत करायची मुदत बघा आणि आल्या आल्या मल्टिमीटरशी ताडून बघा. फ्यूज होल्डर, रिंग टर्मिनल, टर्मिनलचे बोल्ट अशी किरकोळ सामग्री नाना पेठेत सहज मिळते.

पाचवी पायरी, मोजायचं कसं

इथे घाई करू नका, कारण चांगला मीटर घेऊन चुकीच्या वेळी मोजला तर काही उपयोग नाही. नुकतीच गाडी चालवून आलात तर बॅटरीचं व्होल्टेज उतू आलेल्या दुधासारखं वर आलेलं असतं, १२.९ वगैरे दिसतं, ते खरं नाही. रात्री गाडी लावा, सकाळी मोजा.

अजून एक खाचखळगा म्हणजे नवीन गाड्या दार उघडलं की जाग्या होतात, सगळे कॉम्प्युटर उठतात आणि दहा-पंधरा मिनिटं काही अँपिअर ओढतात. म्हणून बॉनेट उघडा, दारं लावून लॉक करा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि अर्ध्या तासाने या.

हातातली अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. मीटरची काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्ही लिहिलेल्या भोकात. तिसरं भोक असतं त्यावर दहा अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यात लाल वायर चुकूनही नको, तशी लावून बॅटरीला टेकवली तर सरळ शॉर्ट होतो, ठिणगी उडते, मीटर जळतो आणि हातालाही भाजू शकतं. टेकवायच्या आधी दर वेळी एकदा बघायचंच. डायल डीसी व्होल्टच्या २० वर, म्हणजे सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असलेल्या व्हीच्या बाजूला. २०० वर ठेवलात तर एकच दशांश दिसेल, १२.५ दिसतंय म्हणजे ते १२.४५ आहे का १२.५४ कळणार नाही.

लाल टोक पॉझिटिव्हला, त्यावर बहुतेक लाल झाकण असतं, काळं टोक निगेटिव्हला. टोक शिशाच्या गोल खुंटीवर टेकवा, तिला कवळलेल्या क्लॅम्पवर नको. खुंटीवर आणि क्लॅम्पवर वेगळा आकडा आला तर मध्ये गंज आहे, पांढरी-हिरवी पूड दिसेल, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने साफ करा. आकडा स्थिर झाला की तारीख टाकून मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा. आणि मीटरच्या डिस्प्लेवर बॅटरीचं छोटं चिन्ह दिसत असेल तर आधी मीटरचा ९ व्होल्टचा सेल बदला, तो उतरला की मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवायला लागतो.

ब्लूटूथ मॉनिटर बसवताना १० नंबरचा पाना बहुतेक पुरतो. आधी निगेटिव्हचा क्लॅम्प सोडवा, मग पॉझिटिव्हवर मॉनिटरची लाल रिंग लावून घट्ट करा, शेवटी निगेटिव्ह. हा क्रम यासाठी की पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला लागला तरी काही होत नाही. मघाशी सांगितलेली सेन्सरची डबी असेल तर मॉनिटरची काळी वायर बॅटरीच्या खुंटीला न लावता बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टला लावा. बॅटरी सुटली की घड्याळ आणि खिडक्यांची ऑटो सेटिंग जाते, ती परत करावी लागेल.

सहावी पायरी, स्टार्ट करताना बघा

नुसतं १२.६ दिसलं म्हणजे बॅटरी निरोगी असं नाही, म्हाताऱ्या बॅटरीतपण १२.६ दिसतं, फक्त ताकद संपलेली असते. म्हणून घरातल्या कुणालातरी स्टार्ट मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. आकडा खाली जाऊन परत वर येईल. १० च्या वर राहिला तर छान, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी दमली आहे. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो, त्यामुळे सगळ्यात खालचा क्षण त्याच्या हातून निसटतो, ब्लूटूथवाल्यांत क्रँकिंग टेस्ट, म्हणजे स्टार्ट मारतानाचं व्होल्टेज टिपणारी सोय, असते ती यासाठी जास्त चांगली. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल आणि हा आकडा घसरत चालला असेल तर दुकानात जाऊन लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ताकद बघायची तपासणी, करून घ्या, तुमच्या नोट्समधले आकडे दाखवा, मग बोलणं मुद्द्याचं होतं आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तेही विचारता येतं.

आकडा कमी आला तर

१२.४ ते १२.६ असेल तर काही करू नका, दर आठवड्याला एकदा बघत राहा. १२.२ ते १२.४ असेल तर गाडी चांगली चालवून आणा, आणि चांगली म्हणजे कर्वे रोडच्या सिग्नलला एसी, लाईट, वायपर लावून थांबत थांबत नाही, तेवढ्यात अल्टरनेटरकडे बॅटरीला द्यायला फारसं उरतच नाही. सातारा रस्त्याने खेड शिवापूरपर्यंत जाऊन या, तासभर सलग इंजिन फिरलं पाहिजे. १२.२ च्या खाली असेल तर गाडी चालवून पूर्ण भरत नाही, चार-पाच अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर लावून रात्रभर ठेवा, किंवा बॅटरीवाल्याकडे देऊन चार्ज करून घ्या.

पार्किंगमध्येच दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने बॅटरीला जवळजवळ काहीच मिळत नाही, स्टार्टरने जेवढं ओढलं तेवढंही धड भरत नाही, आणि बेसमेंटमध्ये तर ते अजिबात करू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि वर लिफ्टच्या दारात मुलं उभी असतात.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त गावाला जाणार असाल तर निगेटिव्ह काढून ठेवा किंवा पार्किंगमध्ये प्लग असेल तर मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावा. निगेटिव्ह काढणार असाल तर जायच्या आधीचा आकडा लिहून ठेवा, चांगली बॅटरी महिनाभर सुटी राहिली तरी फार तर ०.०५-०.१ व्होल्टच खाली येते. त्यापेक्षा जास्त घसरली असेल तर बॅटरी आतूनच उतरतेय, गाडीच्या वायरिंगमागे लागू नका.